कूलरचं पाणी

आमच्या घरात भांडणं फार नव्हती. जी व्हायची ती कूलरच्या पाण्यावरून, दर उन्हाळ्यात, दर रविवारी, अगदी नेमानं. बाबा कूलरची टाकी तळापर्यंत रिकामी करायचे आणि सगळं पाणी नालीत सोडून द्यायचे. आई हातातलं लाटणं तसंच घेऊन बाहेर यायची. "इतकं पाणी फेकून राहिले बाप्पा. दोन पावलांवर झाडं आहेत. त्यायले टाकलं तर हात झडतात का तुमचे?" बाबा उत्तर द्यायचे नाहीत. तळाचा पांढरा गाळ हातानं खरवडायचे, टाकी पुसायचे, आणि मग नळाच्या हौदातून झारी भरून आपल्या गुलाबांकडे जायचे. आईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

तिचंही चुकत नव्हतं. तिचं माहेर काटोलकडचं, संत्र्याच्या बागांमधलं. उन्हाळ्यात विहिरीचा तळ पाहतच ती मोठी झाली. तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, हात धुतलेलं पाणी, सगळं कुठल्या ना कुठल्या झाडाच्या बुडाशी गेलं तरच तिला जेवण गोड लागतं. मानेवाड्याच्या आमच्या घरात नळ सकाळी जेमतेम तासभर येतो. त्यातलं अर्धं पाणी बाबा गुलाबांसाठी हौदात साठवायचे. कूलरला, भांड्यांना, कपड्यांना मात्र बोअरचं पाणी. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि तूरडाळ शिजता शिजत नाही. पाहुण्यांसमोर आई म्हणायची, आमच्याकडे माणसं खारं पाणी वापरतात आणि गुलाब गोडं. पाहुणे हसायचे. बाबाही हसायचे, पण हौदाचं झाकण लावून घ्यायचे.

बाबा एका सरकारी कचेरीत कारकून होते. तिथे दिवसभर काय करत असतील ते असो, पण त्यांचं खरं काम घरच्या त्या चिंचोळ्या वाफ्यात चालायचं. दसरा झाला की ते गुलाबांची अशी छाटणी करायचे की शेजारीपाजारी हळहळायचे. गुडघ्याएवढे खुंट उरायचे. मग शेणखत, निंबोळी पेंड, नवी पालवी, आणि थंडीत कळ्या. एका फांदीला तीन-चार कळ्या आल्या की ते मधली ठेवून बाकीच्या नखानं खुडून टाकायचे. लहानपणी मला ते पाहवत नसे. एवढ्या जिवंत कळ्या का मारता, असं विचारलं की ते म्हणायचे, "करणाऱ्याले समजते." त्यांचं हे ठरलेलं वाक्य. शेतीचं, स्वयंपाकाचं, गणिताचं, कशाचंही विचारा, हेच उत्तर. आणि जानेवारीत त्या एकेका कळीचं ताटलीएवढं फूल व्हायचं. खिडकीजवळच्या झाडाचं फूल तर असं काळपट लाल आणि जड की फांदीला काठीचा आधार द्यावा लागे. थंडीतल्या प्रदर्शनाला ते फूल ओल्या फडक्यात गुंडाळून स्कूटरवर न्यायचं काम माझं. मागच्या सीटवर मी श्वास रोखून बसायची. खोटं कशाला बोलू, मला त्या फुलांचा राग यायचा. माझं प्रगतिपुस्तक बाबांनी कधी एवढ्या जपून धरलं नव्हतं.

लग्न मोडून मी परत आले तेव्हाही ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी एक फूल माझ्या डब्याजवळ पेल्यात ठेवलेलं होतं. त्यावरून मी काय समजायचं ते समजले.

मागच्या होळीच्या आधी बाबांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा आईनं पहिलं काम केलं ते म्हणजे त्यांची खाट ओढून बागेकडच्या खिडकीशी लावली. शेजारच्या खिडकीत कूलर. उशीवर मान वळवली की पूर्ण वाफा दिसे, आणि खिडकीला लागून ते काळपट लाल फुलाचं झाड. आई मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि अगदी हळू म्हणाली, "यायची झाडं जगली तर हे उठतील. मले माहीत आहे."

मी हिंगण्याला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, असं मी तिला तोडून सांगितलं. पण डॉक्टर जे सांगत होते त्यात धरून ठेवण्यासारखं काही नव्हतं. 'बघू', 'वेळ लागेल', 'वयाच्या मानानं ठीक'. या शब्दांवर माणूस किती दिवस तग धरणार? आईच्या बोलण्यात करण्यासारखं तरी काही होतं. झाडं जगवायची. आठवडाभरात मीही कामावरून आल्यावर बूट काढायच्या आधी वाफ्याकडे पाहायला लागले.

त्या वर्षी उन्हानं लवकर डोळे वटारले. बाबांच्या अंगाला घाम सोसेना, म्हणून कूलर दिवसरात्र चालू. टाकीत बोअरच्या पाण्याची नळी सोडून ठेवलेली. आणि दर रविवारचं ते भांडण आता आपोआप मिटलं होतं. आई रोज सकाळी कूलरच्या टाकीतून बादल्या काढायची आणि गुलाबांना घालायची. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या मनासारखं होत होतं, पण त्याचा आनंद तिला नव्हता. ती नुसती काम करायची. हौदातलं गोडं पाणी तिनं बाबांच्या अंघोळीला आणि पेजेला राखून ठेवलं. त्यात गैर काय, मला तरी काही दिसलं नाही.

एप्रिल अर्धा सरला आणि पानांच्या कडा करपल्या. आधी विडीनं चटका दिल्यासारख्या तपकिरी, मग आतपर्यंत. नवी पालवी फुटायच्या आधीच जळत होती. मी ऊन म्हणून हिरवी जाळी बांधली. नर्सरीवाल्याकडे गेले, तो म्हणाला गरमी आहे मॅडम, पाणी वाढवा. आईनं पाणी वाढवलं. दुसरा म्हणाला मुळांना वाळवी असेल. त्याचं औषध घातलं. तिसऱ्यानं खत दिलं, त्यानं तर दोन झाडं चार दिवसांत काळी पडली. मी त्याच्या दुकानात जाऊन असं काही बोलले की पुन्हा त्या गल्लीतून जायला मला लाज वाटते. घरी आले की आईवर चिडायची, तिनं सकाळी टाकलं नाही का पाणी म्हणून. ती म्हणायची, टाकलं वं, रोज टाकून राहिली, आज एक बादली जास्तच टाकली.

आणि बाबा. रोज सकाळी आई कूलरपाशी बादली घेऊन गेली की त्यांचं सुरू व्हायचं. डावा हात खाटेच्या लोखंडी दांडीवर आपटायचे. घशातून आवाज काढायचे. चेहरा लाल. आम्ही दोघी धावायचो. पाणी पाहिजे? फुलपात्र तोंडाशी लावलं की मान फिरवायचे, पाणी गालावरून उशीत जायचं. गरम होतं? कूलर वाढवला. थंडी वाजते? बंद केला, तर आणखी जोरात हात आपटायचे. कपडे बदलले, कूस बदलली, देवाचा फोटो आणून दाखवला. मी एक पाटी आणली आणि डाव्या हातात खडू दिला. त्यांनी बराच वेळ खडूकडे पाहिलं, एक वाकडी रेघ ओढली आणि खडू टाकून दिला. अक्षरंही गेली होती. एकदा मी रडत ओरडले, "काय पाहिजे बाबा तुम्हाले? काय करू मी?" त्यांनी माझ्या मनगटाला घट्ट धरलं आणि मान वळवून बाहेर पाहिलं. मीही पाहिलं. आई वाकून झाडाला पाणी घालत होती. मला वाटलं, आईला बोलवा म्हणतात. आईला आत बोलावलं.

अशी माणसं चिडखोर होतात, असं डॉक्टर म्हणाले. मेंदूला मार बसतो, मग राग आवरत नाही. त्यांनी शांत राहण्याची गोळी लिहून दिली, सकाळी चहाबरोबर. गोळीनं गुण आला. बाबा अर्धवट मिटल्या डोळ्यांनी पडून राहायचे. बादली जायची, यायची, ते पाहायचे. हात दांडीवर नुसता ठेवलेला. आई म्हणाली, बरं झालं बाई, जरा आराम पडला यायले. मलाही बरं वाटलं. खरंच, मला बरं वाटलं होतं.

नवतपा लागला, मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस. त्या दिवसांत नागपुरात भिंतीसुद्धा रात्रभर तापलेल्या असतात. गुलाब एकामागून एक गेले. ओरखडा काढला की आत हिरवं दिसायच्या जागी वाळकं लाकूड. शेवटी उरलं खिडकीजवळचं ते एक झाड, आणि तेही शेंड्यापासून खाली काळं पडत येत होतं. बोटभर काळं कापावं, तर पुन्हा बोटभर. आईनं चप्पल सोडली. झाड फुटेपर्यंत पायात घालणार नाही, असं देवापुढे बोलून बसली. फरशी अशी तापलेली की मांजर तिच्यावरून उड्या मारत जायचं, आणि ही अनवाणी बादली घेऊन. तळपायांना फोड आले. मी पाया पडले, भांडले, चपला तिच्या पुढ्यात टाकल्या. ती म्हणाली, "तुले विश्वास नाही ना, मग तू राहू दे. मले करू दे." जेवण तर तिनं जवळपास सोडलंच होतं. एका खाटेवर बाबा वाळत होते, अंगणात झाड वाळत होतं, आणि मधल्या वाटेवर आई. रोज सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसताना मला वाटायचं, संध्याकाळी यातलं कोण कमी झालेलं असेल.

कारखान्यात आमच्याकडे एक कूलिंग टॉवर आहे. वरून पाणी झिरपतं, पंखा हवा ओढतो, पाणी थंड होतं. घरच्या कूलरचा थोरला भाऊच म्हणा. ऑपरेटर दर पाळीला त्यातलं पाणी सोडून देतो आणि नवं भरतो, कारण वाफ उडून जाते आणि क्षार मागे राहतात, रोज थोडे थोडे साठत जातात. न सोडलं तर नळ्या चुन्यानं बुजतात. त्या पाण्याचा क्षार मोजून रोज सही करायची ते काम माझं. वर्षानुवर्षं मी ती सही करते आहे. जूनच्या सुरुवातीला एका दुपारी मी टॉवरच्या सावलीत बसची वाट पाहत उभी होते. त्याच्या खालच्या पट्ट्यांवर पांढरा थर साचला होता. मी नखानं तो सहज खरवडला. आणि मला बाबांचा हात दिसला, टाकीच्या तळाचा पांढरा गाळ खरवडणारा.

बस यायच्या आत मी प्रयोगशाळेत धावत परत गेले. सोबतच्या बाईला वाटलं ऊन लागलं.

क्षार मोजायचं हातात मावणारं यंत्र मी पर्समध्ये टाकून घरी आणलं. आई देवळात गेली होती, अनवाणीच. कूलरच्या ताट्या पांढऱ्या फटक झालेल्या, त्यांच्यावरचं वाळकं गवत चुन्यात बुडवल्यासारखं. टाकीतल्या पाण्यात यंत्र बुडवलं. आकडा सांगत नाही. कारखान्यात तसं पाणी निघालं असतं तर मी ऑपरेटरची खरडपट्टी काढली असती. मग वाफ्यात जाऊन माती उकरली. झाडांच्या बुडाशी तोच पांढरा पापुद्रा होता. इतके दिवस आम्ही त्याला राख समजत होतो, आईनं मुंग्यांसाठी टाकलेली.

मी आत गेले. गोळीचा अंमल संध्याकाळी उतरलेला असायचा. बाबांचे डोळे उघडे होते. मी खाटेच्या कडेवर बसले, त्यांचा डावा हात हातात घेतला आणि विचारलं, "बाबा, कूलरचं पाणी झाडायले नको टाकू. हेच सांगून राहिले होते ना तुम्ही?"

त्यांनी हात इतका जोरात दाबला की माझी बोटं दुखली. मग त्यांच्या अर्ध्या चेहऱ्याला रडू आलं. अर्धा तसाच राहिला. त्यांना हो-नाही कळत होतं, सांगता येत होतं. आम्हीच बरोबर प्रश्न विचारला नव्हता, आणि वर त्यांना गोळी घालून गप्प केलं होतं. मी त्यांच्या छातीवर डोकं ठेवून माफी मागत राहिले, आणि ते डाव्या हातानं माझ्या पाठीवर थापटत राहिले, ज्या हातानं त्यांनी दांडी बडवली होती त्याच.

येताना रस्ताभर मी आईला काय काय सुनवायचं ते ठरवलं होतं. तुझा हट्ट, तुझं पाणी, तुझं माहेर. डोकं वर केलं तर ती दारात उभी होती. कधी आली कळलंच नाही. हातात प्रसादाची पुडी, पायाला चिंध्या गुंडाळलेल्या. ते पाय पाहिले आणि ठरवलेलं सगळं तिथेच राहिलं. पण तिनं ऐकलं होतं. ती कूलरपाशी गेली, टाकीत बोट बुडवून जिभेला लावलं. मग खाटेपाशी आली. मला वाटलं रडेल. ती रडली नाही, संतापली. बाबांच्या चेहऱ्यावर वाकून म्हणाली, "चाळीस वर्षं तोंड होतं ना तुमच्याजवळ? मी दर रविवारी विचारत होती. तवा काहून नाही सांगितलं? एकदा सांगितलं असतं. एकदा."

करणाऱ्याला समजतं, हे म्हणायलाही बाबांना आता तोंड नव्हतं. आई खाली फरशीवर बसली आणि तिनं त्यांच्या खाटेच्या दांडीला कपाळ टेकलं.

दुसऱ्या दिवशी गोळी बंद केली. डॉक्टरांशी मी फोनवर बरंच काही बोलले, त्यातलं अर्धं मलाच लागू होतं. हौदातलं गोडं पाणी वाफ्यात इतकं सोडलं की माती धुऊन निघाली. कूलरची टाकी तळापासून घासली. आई आणि मी मिळून घासली. सगळी मेलेली झाडं उपटली. खिडकीजवळचं मात्र उपटू दिलं नाही तिनं.

पावसाळ्यात त्या खुंटाच्या बुडातून एक फूट आली. लुसलुशीत, हिरवीगार, दिवसाला बोटभर वाढणारी. आईनं ती पहिल्यांदा पाहिली आणि मला हाताला धरून नेलं. तिच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी रंग होता. मी वाकून पानं मोजली. एका देठाला सात, आमच्या गुलाबांना पाच असायची. बाबांनी न सांगता शिकवलेल्या थोड्या गोष्टींपैकी ही एक, कारण अशा फुटी ते दिसल्या की कापायचे आणि मी पाहायची. ज्या रानटी गुलाबाच्या बुडावर कलम बांधतात, त्याची ही फूट. कलम मेलं, बूड जगलं. याला ते काळपट लाल फूल कधीच येणार नव्हतं. आली तर चिल्लर पांढरी फुलं, झुपक्यानं.

गप्प बसावं असं फार वाटलं. ती हसत होती. पण या घरात गप्प बसून काय झालं ते मी पाहिलं होतं. मी तिला सगळं सांगितलं.

तिनं वाकून ती पानं स्वतः मोजली. मग कात्री आणली, खिडकीशी गेली आणि गजांतून बाबांना विचारलं, "रानटी आहे म्हणते ही. कापू का?" बाबांनी डावा हात उचलला आणि दोन्ही बाजूंना हलवला. नाही. आईनं कात्री ठेवली आणि त्या दिवशी पायात चप्पल घातली. मला आतून राग आला. जन्मभर ज्यांनी अशी एक फूट राहू दिली नाही, त्यांनी ही का राहू दिली, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. दिवाळीच्या सुमारास त्यांना दुसरा झटका आला आणि डावा हातही गेला.

आता ते झाड खिडकीच्या वर गेलं आहे. इतकं निरोगी झाड आमच्या वाफ्यात कधी नव्हतं. काटेरी, दाट, हिरवंगार, एक फूल नाही. आई रोज सकाळी नळ आला की गोड्या पाण्याची बादली भरते, पण परस्पर ओतत नाही. खिडकीशी येते, बादली दोन्ही हातांनी वर उचलून बाबांना दाखवते आणि विचारते, "नळाचं आहे. टाकू का?" बाबा पाहतात. डोळे उघडे असतात, हालचाल काही नसते. आई उत्तराची वाट पाहते. बादली जड होते तेव्हा गुडघ्यावर टेकवते, पुन्हा उचलते, पुन्हा विचारते. कोपऱ्यावर माझी बस हॉर्न वाजवते आणि मला निघावं लागतं. वळून पाहते तेव्हा ती तशीच उभी असते, बादली उचलून.